पहिल्या पावसात यार्डातलं तेल नाल्यात जातंय, तीन कप्प्यांचा ट्रॅप असूनही

यार्डवाला_वाळूज

वाळूज एमआयडीसीत मशीनिंगचं युनिट आहे. शेडचं छप्पर ७०० चौरस मीटर, साधा गॅल्व्हनाइज्ड पत्रा. गाड्या उभ्या राहायचं यार्ड ९०० चौरस मीटर, पेव्हर ब्लॉकचं. मागच्या बाजूला २०० चौरस मीटर उघडी जागा: टर्निंग-बोरिंगचा बुरा (धातूचा कीस), जुने पॅलेट, तेलाचे २१० लिटरचे १० बॅरल आणि कूलंट (धातू कापताना थंड ठेवणारं द्रव) कॉन्सन्ट्रेटची १००० लिटरची एक आयबीसी टाकी (पिंजऱ्यातली प्लास्टिकची टाकी). सगळ्याचा उतार एका कोपऱ्याकडे आहे. तिथे तीन कप्प्यांचा ऑइल ट्रॅप आहे, म्हणजे पाणी थांबवून वर तरंगणारं तेल अडवणारी टाकी. प्रत्येक कप्पा १ × १ मीटर, पाण्याची खोली १ मीटर. तिथून पुढे रस्त्याच्या कडेच्या पावसाळी गटारात.

वळवाचा पहिला पाऊस आला की गटारात इंद्रधनुष्यी तवंग आणि पांढरट पाणी दिसतं. ट्रॅप दुप्पट मोठा करायचा विचार चालू आहे. त्याऐवजी हे पाणी सीईटीपीच्या (वसाहतीच्या सामायिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या) लाइनला जोडता येईल का? की यार्डातच शोषखड्डा करून बोअरजवळ मुरवावं? पाणीटंचाईमुळे मालकांचा कल शेवटच्या पर्यायाकडे आहे.

उताराचा_माणूस

तिन्ही पर्याय बाजूला ठेवा आणि आधी हिशोब करा. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. तासाला ५० मिमीच्या सरीत तुमच्या १,८०० चौरस मीटरवरून, दहा टक्के सोडले तरी, सेकंदाला २२.५ लिटर पाणी त्या कोपऱ्यात येतं. ट्रॅपमध्ये पाणी मावतं ३,००० लिटर. म्हणजे पाणी आत थांबतं सव्वादोन मिनिटं. १५० मायक्रॉनचा तेलाचा थेंब १ मीटर वर यायला ९ मिनिटं घेतो, ६० मायक्रॉनचा जवळपास तासभर. दुप्पट ट्रॅप केला तर साडेचार मिनिटं मिळतील. खर्च होईल, तेल जायचं ते जाईलच.

आता उलट बाजूने बघा. छपराचं पाणी वेगळं काढलं आणि मागच्या २०० चौरस मीटरवर छप्पर घातलं, तर ट्रॅपकडे फक्त ९०० चौरस मीटरचं पाणी येतं. प्रवाह २२.५ वरून ११.२५ लिटरवर. ट्रॅपला हात न लावता वेळ दुप्पट झाला. ७०० चौरस मीटर छपराचं बऱ्यापैकी स्वच्छ पाणी खाली यार्डात सोडायचं, तेलात कालवायचं आणि मग गाळत बसायचं, असला उद्योग आपल्याकडे निम्म्या शेडांत चालतो.

पत्र्याच्या पन्हळीचे उतरते पाइप जमिनीखालून एका वेगळ्या पाइपात घ्या, उतार १०० ला १, आणि ट्रॅपच्या पुढे थेट पावसाळी गटारात किंवा पुनर्भरणाला द्या. पुनर्भरणाला देत असाल तर मोसमातला पहिला पाऊस त्यात सोडू नका. आठ महिन्यांची धूळ आणि गॅल्व्हनाइज्ड पत्र्याचं जस्त त्यात असतं. ७०० चौरस मीटरला पहिले २ मिमी म्हणजे १,४०० लिटर, तेवढं बाजूला काढायची सोय ठेवा. शेडवर ऑइल मिस्टचा (तेलाच्या बारीक तुषारांचा) धुराडा असेल तर त्याच्या भोवतालचा पत्रा चिकट असतो. त्या भागाचं पाणी छपराच्या पाण्यात धरू नका.

सीईटीपीचं उत्तर: नाही. ती लाइन कारखान्याच्या सांडपाण्याच्या मापाची असते, एका सरीचं पाणी तिथे गेलं की पुढच्या कोणाच्या तरी चेंबरमधून वर येतं. पहिल्या पाण्याची साठवलेली टाकी मात्र परवानगी घेऊन हळूहळू देता येते. त्याबद्दल वेगळं लिहितो.

भूजलकट्टा

बोअरच्या मुद्द्यावर थांबा. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्यानंतर पुनर्भरणाचा धडाका लागला आणि तो योग्यच होता. पण पुनर्भरण छपराच्या पाण्याचं. वाहनतळाच्या पाण्याचं कधीच नाही.

कारण आपल्या खालच्या खडकात आहे. वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली बेसॉल्ट. वाळूच्या प्रदेशात पाणी कणाकणांतून झिरपतं, थोडं तरी गाळलं जातं. बेसॉल्टमध्ये ते भेगा आणि सांध्यांमधून वाहतं. शोषखड्डा खणताना तुम्ही गाळणारी काळी माती काढून टाकता आणि घाणीला थेट भेगेचं तोंड उघडून देता. एकदा डिझेल त्या भेगांत बसलं की बोअरला वास वर्षानुवर्षं येतो, आणि तो तुमच्याच बोअरला येईल असंही नाही, शेजारच्या शेतातल्या विहिरीलाही येईल.

वाळूजकडचे नाले खाम नदीकडे आणि पुढे नाथसागराकडे (जायकवाडी धरणाकडे) उतरतात. छत्रपती संभाजीनगर शहर पाणी पितं ते तिथलंच.

उताराचा_माणूस

आता साठ्याची जागा. इथेच सगळ्यात जास्त घाण तयार होते, म्हणून सविस्तर.

तुम्ही पांढरट पाणी म्हणालात, ते कूलंट आहे. पाण्यात मिसळणारं कूलंट म्हणजे तेलाचे अतिबारीक थेंब साबणासारख्या द्रव्याने पाण्यात धरून ठेवलेले. हे थेंब वर येतच नाहीत, तासभर ठेवा की दिवसभर. कोणताही ट्रॅप कूलंट पकडत नाही. शिवाय ते साधं तेलही आपल्यासोबत विरघळवून नेतं. म्हणून बुऱ्याचं कूलंट यार्डात पोचूच द्यायचं नाही.

बुरा मशीनवरून निघाला की जाळीच्या तळाच्या ट्रॉलीत २४ तास शेडच्या आतच निथळू द्या. खाली ट्रे ठेवा, निथळलेलं गाळून परत टाकीत जातं, कॉन्सन्ट्रेटचे पैसेही वाचतात. मग तो छपराखालच्या बिनात. त्या जागेचा उतार ५० ला १, एका कोपऱ्यात अर्धा × अर्धा × अर्धा मीटरचा बंद खड्डा, १२५ लिटरचा. त्याला बाहेर जाणारा पाइप नको. भरला की पंपाने ईटीपीत (कारखान्याच्या स्वतःच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रात).

छप्पर उंच केलं की तिरपा पाऊस आत येतो, हे ड्रॉइंगवर दिसत नाही. फोर्कलिफ्टसाठी साडेतीन मीटर उंची ठेवलीत तर पत्रा कडेच्या बाहेर किमान १.२ मीटर काढा आणि पश्चिम-नैऋत्येची बाजू पत्र्याने बंद करा. पाऊस तिकडूनच झोडपतो.

बॅरल आणि आयबीसीसाठी कठडा. नियम असा वापरतात: सगळ्यात मोठ्या भांड्याच्या ११० टक्के किंवा एकूण साठ्याच्या २५ टक्के, यातलं जे जास्त ते. तुमचं मोठं भांडं १००० लिटर, म्हणजे १,१०० लिटर. एकूण साठा ३,१००, त्याचे २५ टक्के ७७५. तेव्हा १,१०० लिटर धरा. आतून ४ × ३ मीटर आणि १५ सेंटिमीटर उंच कठडा केला तर १,८०० लिटर बसतं. पॅलेटचे पाय आणि फोर्कलिफ्टची चढण वजा जाता पुरतं. चढण १० सेंटिमीटरची केलीत तर कठड्याची खरी उंची १० सेंटिमीटरच, हे कितीतरी ठिकाणी विसरलेलं दिसतं. तेव्हा क्षमता १,२०० लिटर, काठोकाठ.

कठडा उघड्यावर असेल तर ५० मिमी पावसात त्यात ६०० लिटर पाणी साचतं, म्हणजे निम्मी क्षमता गेली. त्यात बॅरल फुटला तर तेल पाण्यावर तरंगतं आणि आधी तेच काठावरून जातं. गाड्यांखाली ठेवायच्या ड्रिप ट्रेचंही हेच. शेडमध्ये ट्रे उत्तम, पावसात उघड्यावर ठेवला तर महिन्याभराचं तेल एका सरीत बाहेर. आभाळ भरलं की ट्रे उचलायचे, हे वॉचमनच्या कामात लिहा.

कठड्याला तळाशी व्हॉल्व्ह देऊ नका. पाणी काढायला उघडतात आणि उघडाच राहतो. हातपंपाने काढा.

काळीमाती_बांधकाम

कठड्याचं काँक्रीट काळ्या मातीवर थेट ओतलं तर दुसऱ्या उन्हाळ्यात त्याला भेगा पडलेल्या दिसतील. ही माती पावसात फुगते, मार्चपासून आकसते. भेगेतून तेल खाली जातं आणि कठडा कोरडा दिसतो म्हणून सगळे खुश.

काळी माती ६० ते ९० सेंटिमीटर काढा, मुरूम लागला तर तिथेच थांबा. मुरूम १५-२० सेंटिमीटरच्या थरांत, पाणी मारून, रोलरने दाबून. वर १० सेंटिमीटर पीसीसी (सळईविना काँक्रीट), त्यावर १५ सेंटिमीटर एम२५ दर्जाचं आरसीसी (सळईचं काँक्रीट), ८ मिमी सळई दोन्ही बाजूंनी १५ सेंटिमीटर अंतरावर. सांधे पॉलिसल्फाइड सीलंटने भरा. डांबराने भरू नका, डिझेलमध्ये डांबर विरघळतं. याच कारणासाठी गाड्यांत डिझेल भरायची किंवा ट्रक रात्रभर उभी राहायची जागा डांबरी नको.

पेव्हर ब्लॉकचाही दोष आहे. सांध्यांत वाळू असते, तेल त्यातून खालच्या वाळूत उतरतं आणि प्रत्येक पावसात थोडं थोडं वर येतं. तुम्ही यार्ड झाडून स्वच्छ केलंत तरी तवंग दिसण्याचं हे एक कारण. सगळे ब्लॉक काढायची गरज नाही. ट्रकचं इंजिन जिथे येतं तेवढ्या पट्ट्यात, साधारण ३ मीटर रुंद, ब्लॉक आणि खालची तेलकट वाळू काढून काँक्रीट करा. ती वाळू मात्र भरावात टाकू नका.

यार्डवाला_वाळूज

छप्पर आणि कठडा समजला. राहिलेल्या ९०० चौरस मीटरसाठी ट्रॅपचं काय करायचं? आणि आमच्या ट्रॅपमध्ये एक विचित्र गोष्ट आहे, पाऊस थांबल्यावर दुसऱ्या कप्प्याची पातळी एकदम अर्ध्यावर येते.

उताराचा_माणूस

ते सायफन होतंय. कप्प्यांमधला पाइप खाली वळवलेला साधा एल्बो (काटकोनी जोड) असणार. पाणी जोरात गेलं की पाइप पूर्ण भरतो आणि पाऊस थांबल्यावरही पाणी ओढत राहतो. पातळी एल्बोच्या तोंडापर्यंत उतरते आणि शेवटी वरचं तेलही त्यातून जातं. एल्बोच्या जागी टी (तीन तोंडांचा जोड) बसवा, वरचं तोंड उघडं, पाण्याच्या पातळीच्या वर १५ सेंटिमीटर, खालचं तोंड पातळीखाली ५०. टी बसत नसेल तर एल्बोच्या माथ्याला २० मिमीचं भोक पाडा, हवा शिरली की सायफन तुटतो.

दुसरा दोष आपल्या हवेचा. नोव्हेंबर ते मे ट्रॅपमध्ये नवं पाणी येत नाही आणि उन्हाळ्यात उघडं पाणी दिवसाला ८-१० मिमी सहज उतरतं. झाकण असलं तरी काही महिन्यांत पातळी पाइपच्या तोंडाखाली जाते. मग पहिल्या सरीचं तेल अडवायला पाणीच नसतं, ते सरळ खालच्या तोंडातून पुढे. ट्रॅप पाण्याने भरलेला असेल तरच ट्रॅप असतो. मेच्या तिसऱ्या आठवड्यात गाळ काढा आणि स्वच्छ पाण्याने काठोकाठ भरा. टँकर घ्यावा लागला तरी ३,००० लिटरच आहे.

आता ९०० चौरस मीटरचं. घाणीचा मोठा वाटा पहिल्या पाण्यात असतो, म्हणून सगळं पाणी गाळायच्या भानगडीत न पडता पहिले १० मिमी बाजूच्या टाकीत साठवायचे. ९०० × १० × ०.९ = ८,१०० लिटर. आतून ३.६ × १.६ मीटर आणि १.५ मीटर खोल टाकी घेतली तर ८,६४० लिटर बसतं.

टाकी प्रवाहाच्या बाजूला हवी, मार्गात नाही. मार्गात ठेवली तर नंतरची जोराची सर जमलेलं तेल आणि गाळ ढवळून घेऊन जाते. रचना अशी: तुमच्या ट्रॅपचा पहिला कप्पा वाटणीचा कप्पा करा. त्याच्या बाहेरच्या बाजूला आडभिंत, तिच्या माथ्यावरून पाणी गटाराकडे. माथ्यापासून ४० सेंटिमीटर खाली, २०० मिमी पाइपाचा तळ येईल असा, टाकीकडे जाणारा पाइप. टाकीची पूर्ण पातळी आणि आडभिंतीचा माथा एकाच लेव्हलला. टाकी रिकामी असताना सगळं पाणी तिकडे जातं. टाकी भरली की पाणी कप्प्यात चढतं आणि आपोआप आडभिंतीवरून पुढे. व्हॉल्व्ह नाही, फ्लोट नाही. तासाला १०० मिमीच्या पावसातही १ मीटर रुंदीच्या भिंतीवरून ५-६ सेंटिमीटर उंच पाणी वाहील, वर तेवढी जागा आणि थोडी जास्त ठेवा. लेव्हल पाइपने दोनदा तपासा, कारण माथा १० सेंटिमीटर खाली गेला तर टाकी तेवढीच कमी भरते.

आडभिंतीच्या अलीकडे २० सेंटिमीटरवर पत्र्याचा पडदा लावा, माथ्याच्या १५ सेंटिमीटर वरपासून ३० सेंटिमीटर खालपर्यंत. प्लास्टिक आणि तवंग तिथेच अडतो.

पाऊस थांबल्यावर टाकी २४ तास शांत ठेवा. वरचं तेल काढा, मग मधलं पाणी पंपाने तुमच्या ईटीपीत, किंवा आधी परवानगी घेऊन सीईटीपीला. तळाचे १५ सेंटिमीटर सोडा, तो गाळ वेगळा. तीन दिवसांच्या आत टाकी रिकामी हवी. ऑगस्टमध्ये खंड पडतो तेव्हा हे हमखास राहून जातं आणि सप्टेंबरच्या सरीला टाकी भरलेली असते. म्हणजे नसल्यासारखीच.

मोंढा_परभणी

जरा वेगळा प्रश्न. खताच्या गोडाऊनसमोर गाड्या भरताना युरिया सांडतो. त्यालाही अशीच टाकी चालेल का?

भूजलकट्टा

नाही. युरिया पाण्यात पूर्ण विरघळतो, ना तरंगतो ना बसतो. ट्रॅप किंवा टाकीतून तो जसाच्या तसा जातो. भरायच्या जागेवर छप्पर, रोज संध्याकाळी कोरडं झाडणं, फाटकी पोती लगेच दुसऱ्या पोत्यात. पोती जमिनीपासून १५ सेंटिमीटर वर पॅलेटवर आणि भिंतीपासून हातभर दूर. झाडलेलं खत शेतात वापरता येतं, गटारात मात्र ते शेवाळ वाढवतं. पाणी मारून धुणं हा एकच गुन्हा टाळा.

कन्सेंटची_फाइल

कागदाची बाजू थोडक्यात. वापरलेलं तेल २०१६ च्या घातक कचरा नियमांत अनुसूची १ मध्ये ५.१ खाली येतं, ट्रॅपचा तेलकट गाळ ५.२ खाली, तेल लागलेल्या चिंध्या, भुसा असं पुसायचं सामान ३३.२ खाली, घातक द्रव्यांनी खराब झालेले रिकामे बॅरल ३३.१ खाली. साठवायची मुदत सर्वसाधारण ९० दिवस. बॅरलवर फॉर्म ८ चं लेबल, नोंदवही फॉर्म ३, पाठवताना फॉर्म १० चं मॅनिफेस्ट (कचरा कुठून कुठे गेला याचा कागद), वार्षिक विवरण फॉर्म ४ दरवर्षी ३० जूनपर्यंत. तेल फक्त अधिकृत रिसायकलरला. भंगारवाला जास्त भाव देतो, हे सगळ्यांना माहीत आहे, पण मॅनिफेस्ट त्याच्याकडे नसतं आणि जबाबदारी तुमच्याकडेच राहते.

पावसाळी गटारात तेल किंवा कूलंट सोडणं १९७४ च्या पाणी कायद्याच्या कलम २४ मध्ये बसतं. पाऊस पडत होता, हे उत्तर चालत नाही. भूपृष्ठावरच्या पाण्यात सोडायची सर्वसाधारण मर्यादा तेल-ग्रीसला लिटरमागे १० मिलिग्रॅम, पाण्यात मिसळून राहिलेल्या (सस्पेंडेड) घन कणांना १०० मिलिग्रॅम. तुमच्या कन्सेंटमध्ये (प्रदूषण मंडळाच्या परवानगीत) याहून कडक आकडा असेल तर तो धरायचा.

नमुना घेताना तेल-ग्रीससाठी रुंद तोंडाची काचेची बाटली घ्या, आधी त्याच पाण्याने विसळू नका, तेल काचेला चिकटून आकडा फुगतो. प्लास्टिकच्या बाटलीत उलट होतं, तेल भिंतीला राहतं आणि आकडा कमी येतो. आम्ल घालून पीएच २ च्या खाली, बर्फात ठेवून प्रयोगशाळेत. घन कणांसाठी दुसरी बाटली, तिच्यात आम्ल नको. नमुना पाऊस सुरू झाल्यापासून पहिल्या अर्ध्या तासातला घ्या. तासाभराने घेतलेला छान येतो आणि काहीच सांगत नाही.

यार्डवाला_वाळूज

सांडलेल्या तेलावर आमच्याकडे मुरूम टाकतात. आणि ड्रायव्हर लोक यार्डातच निरम्याने गाडी धुतात. यात किती नुकसान?

काळीमाती_बांधकाम

मुरूम तेल शोषत नाही, झाकतो. पावसात तोच तेलकट गाळ होऊन ट्रॅपचा पहिला कप्पा भरतो. कप्प्यात गाळ २५ सेंटिमीटर झाला की काढायचाच, काठीने मोजा. तेलावर कोरडा लाकडाचा भुसा टाका, झाडूने घासा, दहा मिनिटांनी उचला, पुन्हा एकदा टाका. ५० लिटरचा झाकणाचा डबा भुशाने भरलेला आणि एक रिकामा, वापरलेल्या भुशासाठी, दोन्ही डिझेलच्या जागेजवळ, वेल्डिंगपासून लांब. भुसा भिजला की पाणीच शोषतो, म्हणून झाकण.

निरमा तर ट्रॅपचा शत्रूच. साबण तेलाचे थेंब फोडून पाण्यात धरून ठेवतो, वर येऊ देत नाही, आणि आधी जमलेला तवंगही मोडतो. ज्या दिवशी यार्डात गाडी धुतली त्या दिवशी ट्रॅप नुसता पाण्याचा रस्ता झाला. धुणं वॉशिंग सेंटरवर पाठवा. इथेच धुवायचं असेल तर छपराखाली वेगळा रॅम्प, त्याचं पाणी ईटीपीत, यार्डाच्या उताराशी संबंध नाही.

उताराचा_माणूस

क्रम विचाराल तर आता मे संपायच्या आधी तीनच गोष्टी करा: यार्ड कोरडं झाडून घ्या, एल्बोला भोक पाडा, ट्रॅप साफ करून भरा. याला दोन माणसं, दोन दिवस आणि एक टँकर लागतो. पन्हळीचे पाइप आणि बुऱ्यावरचं छप्पर मृगाच्या आत झालं तर उत्तम, नाही तर बुऱ्यावर ताडपत्री, कडा विटांनी दाबून आणि मध्ये उंचवटा, म्हणजे पाणी साचणार नाही. टाकीचं खोदकाम दिवाळीनंतर घ्या. पावसाळ्यात काळ्या मातीत दीड मीटर खड्डा उभा राहत नाही, बाजू ढासळतात.

यार्डवाला_वाळूज

भोक आजच पाडतो. एल्बो ११० मिमी पीव्हीसी आहे, २० मिमीचं भोक बरोबर माथ्यावर ना?

उताराचा_माणूस

हो, सगळ्यात उंच बिंदूवर. आणि ते पाण्याच्या नेहमीच्या पातळीच्या वर आलं पाहिजे, नाही तर त्यातून तेलच आत शिरेल. एल्बोचा माथा पाण्याखाली असेल तर भोकात २० मिमीचा पाइपाचा तुकडा बसवून पातळीच्या वर १५ सेंटिमीटर काढा, सॉल्व्हेंट सिमेंटने चिकटवा.